मोडक्या सुयांच्या इंदूताई

इंदूताई काळबांडे रस्त्याने चालताना समोर कधी बघत नसत. मान खाली, नजर पायांपुढे दोन हातांवर, आणि चाल मात्र झपाझप. रायपूरच्या बूढापाऱ्यात नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, बाईंचं काहीतरी हरवलंय. कोणी स्कूटर थांबवून विचारायचं, "अम्मा, कुछ गिर गया क्या?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "मेरा नहीं गिरा. किसी का तो गिरा होगा." आणि पुढच्या वळणावर त्या खरंच वाकायच्या, धुळीतून एखादी वाकडी टाचणी नाहीतर दाढीच्या ब्लेडचं अर्धुक उचलायच्या आणि कमरेच्या बटव्यातल्या काडेपेटीत टाकायच्या. काडेपेटीला वरून रबर लावलेलं. बटव्यात किल्ल्या, चार वेलदोडे आणि ही काडेपेटी, एवढंच त्यांचं सामान.

मी त्यांच्याकडे शिवण शिकायला गेले ती हौसेने नव्हे, रागाने. तेलीबांध्याला आमच्या फ्लॅटखालच्या टेलरने माझे तीन ब्लाउज ओळीने बिघडवले होते. मी शाळेत गणित शिकवते. काखेचा गोल आपल्याला जमणार नाही म्हणजे काय, असा माझा ताठा होता. इंदूताईंनी तो पहिल्याच आठवड्यात उतरवला, आणि तोही आवाज न चढवता.

झालं असं की मुलाच्या जीन्सला ठिगळ लावताना माझी सुई कटकन मोडली. मी आपली सहज म्हणाले, "ताई, एक नवी सुई द्या." इंदूताईंनी नुसता हात वर केला. त्याबरोबर खोलीतली आठही पायमशीन थांबली. बायकांनी पाय उचलून घेतले. मला कळेना, मी एवढं काय मागितलं.

"टोक दाखव," इंदूताई म्हणाल्या.

"पडलं असेल कुठेतरी."

"कुठीतरी म्हंजे कुठी? कोणाच्या पायात?"

मी हसले. बाकी कोणी हसलं नाही.

"सुई मोडली त मोडली, तिची काय चूक? जीन्स जाड होती. पण कामाची होती तवा सुई तुझी, अन् मोडल्यावर काहून दुसऱ्याची? शोध."

सगळा वर्ग अर्धा तास ते टोक शोधत होता. ते सापडलं माझ्याच ओढणीच्या घडीत. तशीच घरी गेले असते तर ती ओढणी मी मुलाच्या अंगावर पांघरूण म्हणून टाकली असती, हे लक्षात आलं आणि कान गरम झाले. इंदूताईंकडे एक लाकडी पाटी होती. तिच्यावर शाईने अख्ख्या सुईचं चित्र काढलेलं. मोडक्या सुईचे तुकडे त्या चित्रावर एकाला एक लावून ठेवायचे. चित्र पूर्ण भरलं तरच नवी सुई. माझं चित्र भरलं. मग तुकडे डब्यात गेले, आणि एका वहीत माझं नाव, तारीख आणि 'दोन तुकडे' अशी नोंद झाली.

"गणितवाली हायेस न? आजपासून वही तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. म्हणजे शिक्षा झाली की बढती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तो डबा म्हणजे लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचा जुना पत्र्याचा डबा. झाकणाला मध्ये एक बारीक फट पाडलेली, तुकडा आत जाईल पण बोट जाणार नाही अशी. मोडक्या सुया, गंजलेल्या टाचण्या, शिवण उसवून बोथट झालेली ब्लेडं, सगळं त्यात. डबा भरला की फटीवर जाड चिकटपट्टी आणि वर लाल रंगात हिंदीतून लिहायचं, 'सुई है, मत खोलना'. असे भरलेले चार डबे त्यांच्या माळ्यावर बसून होते, कारण त्यांचं पुढे काय करायचं हे त्यांना अजून सापडलेलं नव्हतं. कचऱ्यात टाकायचे नव्हते. पुरायचे नव्हते. भंगारवाल्याला द्यावेत तर तो डबा रिकामा करूनच नेणार. "जागा भेटली की जातील," एवढंच त्या म्हणायच्या.

त्यांच्या वर्गात चपला घालूनच बसावं लागे. मशीनला लक्ष्मी मानणाऱ्या बायकांच्या हे जिवावर यायचं. पण इंदूताई ऐकत नसत. चिंध्या झाडायच्या आधी त्या दोरीला बांधलेलं लोहचुंबक जमिनीवरून फिरवायच्या. बंद पडलेल्या स्पीकरमधून काढलेलं, बांगडीएवढं काळं चुंबक. समोरच्या दुकानातले टेलर बिसाहूभैया हे रोज बघायचे आणि रोज तेच विचारायचे, "दीदी, सुई की भी अंतिम यात्रा निकालोगी क्या?" इंदूताई म्हणायच्या, "हव, निकालूंगी. कंधा तुमसे ही लगवाऊंगी."

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तर त्यांनी मला लाज आणली होती. तेलीबांध्याचा लॉन, वर जरीचे पडदे, वरपक्षाची मंडळी टापटिपीची. जेवणं आटोपली आणि बघते तर इंदूताई पैठणीचा पदर खोचून मांडवाच्या खांबाखांबापाशी फिरतायत, फुलांच्या माळांतून गळलेल्या टाचण्या वेचतायत. नवरदेवाच्या आत्याबाईंनी मला हळूच विचारलं, "या तुमच्याकडच्या कोण?" मी म्हणाले, "शेजारच्या." थेट 'माझ्या गुरू' म्हणायला जीभ वळली नाही, हे आज लिहितानाही खुपतं. थोड्या वेळाने त्याच आत्याबाईंचा नातू अनवाणी मांडवातल्या गालिच्यावर लोळत होता, आणि त्याला काही टोचलं नाही.

हे सगळं कशापायी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, चहा गाळता गाळता. पूर्वी त्याही सगळ्यांसारख्याच होत्या. मोडकी सुई वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि चिंध्यांच्या पिशवीत टाकायची. कचऱ्याच्या गाडीवर सुकवारो नावाची बाई होती. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, ती हाताने निवडायची. एक दिवस ती दारात आली तर तिच्या उजव्या हाताचं बोट सुजून हे एवढं झालेलं, आणि त्याला हिरवी चिंधी बांधलेली. ती चिंधी इंदूताईंनी ओळखली. आदल्याच आठवड्यात त्यांनी बेतलेल्या ब्लाउजचं कापड होतं ते.

"मले काहीच बोलली नाही वं ती," इंदूताई म्हणाल्या. "फक्त म्हणाली, दीदी, देख के फेंका करो. भांडली असती त बरं झालं असतं."

त्यांनी तिला दवाखान्यात नेलं, इंजेक्शन देववलं, बोट बरं होईस्तोवर रोज जाऊन बघितलं. बोट बरं झालं, पण ते पुढे कधी पुरतं वळलं नाही. सुकवारो सकाळी गाडी घेऊन आली की इंदूताईंच्या ओट्यावर चहा घ्यायची, आणि कपाच्या कानात न शिरणारं ते सरळ बोट इंदूताईंच्या डोळ्यांसमोर रोज असायचं. दुसऱ्या कोणाचं बोट असं होता कामा नये, आपल्या सुईने तर नाहीच नाही. एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्याकडून हवी होती, असं मला वाटतं.

आणि तीच गोष्ट एका खंडेनवमीला हातची जायची वेळ आली.

आमच्या मराठी घरांत खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. इंदूताईंच्या वर्गात त्या दिवशी मशीन, कात्र्या, टेप, बॉबिन, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. आणि मोडक्यांच्या डब्यालाही. त्याला लाल कापडाची घडी, वर झेंडूचं फूल. "यायनं काम केलं न? मग," असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी वर्गात बीरगावची रमशीला नवीन होती. दोन मुलांची आई, नवरा लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर, स्वतः अबोल आणि कामाला वाघीण. पूजा झाली. इंदूताई प्रसादाची ताटं घेऊन गल्लीत वाटायला गेल्या. आम्ही मागे आवराआवर करत होतो. दुपारी एकच्या सुमाराला इंदूताई परत आल्या आणि म्हणाल्या, "डबा कुठी हाये?"

रमशीला पुढे आली. आपण चांगलं काम केलंय, याचा आनंद तिच्या तोंडावर दिसत होता.

"पूजा का था न दीदी. तालाब में सिरा दिया."

सिरवणं म्हणजे विसर्जन. पूजलेली वस्तू पाण्यात सोडायची, ती पुन्हा वापरायची नाही, हे तिला लहानपणापासून माहीत. हार, फुलं, दुर्वा आणि डबा, सगळं ती मनोभावे बूढा तलावाच्या घाटावर घेऊन गेली होती. डबा बुडेना, म्हणून आडवा धरून त्यात पाणी भरू दिलं होतं. डबा अर्धाच भरलेला असल्यामुळे फटीवर पट्टी नव्हती.

आमची सगळ्यांची नजर घड्याळाकडे गेली. कारण ती नवमी होती. नवमीला चार वाजता बूढापाऱ्याची जंवाराची मिरवणूक त्याच घाटावर उतरते. नऊ दिवस घरात वाढवलेले गव्हाचे कोंब डोक्यावर घेऊन बायका गात गात येतात आणि अनवाणी पायांनी पायऱ्या उतरून पाण्यात शिरतात.

रमशीलेला हे उमगलं तशी ती दाराकडे वळली. कोणीतरी तिला बोलायला सुरुवात केली, तोच इंदूताईंनी हात वर केला. मशीन थांबवायचा हात.

"तिची चूक नाही. कुंकू मी लावलं होतं," त्या म्हणाल्या. "वही घे. चला."

पुढचे तीन तास मी जन्मात विसरणार नाही. इंदूताईंचं एक चुंबक पुरणारं नव्हतं. बिसाहूभैया दुकान तसंच उघडं टाकून धावले. नवरात्रात रायपुरात स्पीकर जळणाऱ्यांची कमी नसते. चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी सहा चुंबकं उचलून आणली. आम्ही ती परकराच्या नाड्यांना बांधली आणि घाटाच्या पायऱ्यांवर ओळीने बसून पाण्यात सोडली. सोडायचं, पायरीवरून सरकवायचं, वर घ्यायचं, बघायचं. येणारे जाणारे विचारत, "मछली मिली क्या?" बिसाहूभैया त्यांना सांगत, "मिल रही है भैया, बहुत पतली वाली."

डबा आधी सापडला, तिसऱ्या पायरीवर. त्यात गाळ होता आणि तुकडे होते. मी घाटावर पांढरी चादर अंथरून मोजत बसले. एकशे एकवीस. मग पायऱ्यांवरून एकेक करत, कधी दोन एकदम, वर येऊ लागले. प्रत्येक तुकड्याला बायका नाव घेऊन सांगत, "ये मेरी वाली है, फॉल लगाते टूटी थी." पाणी गढूळ, ऊन डोक्यावर, इंदूताई गुडघाभर पाण्यात, जाड तळाचे बूट घालून. ते बूट बिसाहूभैयांचे होते आणि त्यांना दोन बोटं मोठे होते.

पावणेचारला पायऱ्यांवरून पंधरावा तुकडा आला. एकशे छत्तीस. वहीत एकशे सदतीस होते.

मी पुन्हा मोजले. पुन्हा एकशे छत्तीस. लांबून मांदराचा ढोल आणि देवीची, माता सेवेची गाणी ऐकू येऊ लागली. माझ्या मनात आलं, आणि ते मी बोललेही, "ताई, एकच तर आहे. एवढ्या मोठ्या तलावात."

इंदूताईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. "सुकवारोच्या बोटात बी एकच होती," त्या म्हणाल्या.

मिरवणूक घाटावर आली. सगळ्यांत पुढे, डोक्यावर जंवाराचं मडकं घेऊन, खुद्द सुकवारो. इंदूताई पाण्यातून वर आल्या आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. लुगड्याचा काठ ठिबकतोय, पायांत बिसाहूभैयांचे बूट, समोर देवीची मिरवणूक. अंगात आलेल्या बायका होत्या, उपास धरलेल्या बायका होत्या. मागून कोणीतरी ओरडलं, "रास्ता छोड़ो, माता को रोकते हो?"

इंदूताईंचा आवाज मी पहिल्यांदाच कापताना ऐकला. "मेरी एक सुई बाकी है पानी में. मिल जाने दो. हाथ जोड़ती हूं."

मांदर थांबला. सुकवारोने डोक्यावरचं मडकं उजव्या हाताने सावरलं. ते सरळ बोट मडक्याच्या काठावर तसंच ताठ. ती मागे वळली आणि म्हणाली, "दीदी रुके बर कहत हे, त रुकबो." दीदी थांबा म्हणते आहे, तर थांबू. आणि त्या सगळ्या बायका, उन्हात तापलेल्या फरशीवर, डोक्यावरचे जंवारे न उतरवता थांबल्या.

रमशीला तीन तास पाण्यातून बाहेर आली नव्हती. आता तिला बळेच वर काढलं. ती थरथरत पायरीवर टेकली आणि टेकताच "आई गं" म्हणावं तशी कळवळून उठली. तिने कमरेला हात लावला. डब्याचं लाल कापड तिने पाण्यात सोडलंच नव्हतं. कोरं, चांगलं कापड वाया कशाला घालवायचं, म्हणून घडी करून साडीत खोचलं होतं. तिने घडी उलगडली. आतल्या शिवणीत सुईचं नखाएवढं टोक अडकलेलं होतं, वाटेत डब्याच्या फटीतून निसटलेलं.

"दीदी, मिल गया," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

इंदूताईंनी आधी तिची कंबर बघितली. खरचटलं होतं, एवढंच. "इंजेक्शन घ्याले चलशील मग माझ्यासंग," त्या म्हणाल्या. मग ते टोक चिमटीत धरून माझ्या चादरीवर ठेवलं. "लिव."

मी लिहिलं. एकशे सदतीस. गणिताच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हाही मला असं झालं नव्हतं. मी मोठ्याने म्हणाले, "पूर्ण." इंदूताई बाजूला सरल्या. मांदर असा काही वाजला की तलावाच्या पलीकडच्या पोरांनीही नाचायला सुरुवात केली. बिसाहूभैया मोजे सावरत नाचले. चाळीस-पन्नास बायका अनवाणी पाण्यात उतरल्या, आणि इंदूताई त्यांची पावलं बघत होत्या, एकेक, शेवटची बाई बाहेर येईपर्यंत. कोणीही थबकलं नाही.

त्या संध्याकाळी रमशीलेचा नवरा तिला घ्यायला आला. माळ्यावरच्या चार डब्यांची गोष्ट ऐकून म्हणाला, "इसमें क्या है दीदी, हमारे यहां तो दिन भर लोहा ही गलता है." मात्र बंद डबा भट्टीत चालत नाही, आत ओल असली तर स्फोट होतो, हेही त्याने सांगितलं. म्हणून तलावातले तुकडे आठ दिवस गच्चीवर वाळवले, आणि मग साहेबांची परवानगी काढून आम्ही पाचही डबे बीरगावला नेले. इंदूताईंना डोक्यावर पिवळं हेल्मेट मिळालं. ते त्यांनी पदरावरून घातलं. लांब उभं करून त्यांना दाखवलं: हातमोजे घातलेल्या माणसाने डबे उघडले, तुकडे भंगाराच्या बादलीत ओतले आणि बादली आत गेली. इंदूताईंनी रिकामे डबे परत मागून घेतले, प्रत्येकात चुंबक फिरवलं, आणि कोरं चुंबक मला दाखवलं. "याच्या सळ्या होतात म्हणे," त्या म्हणाल्या. "कोणाच्या तरी घराच्या स्लॅबात जाईन माझी सुई." येताना रिक्षात त्या गाणं गुणगुणत होत्या. त्यांना सूर नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

मग ते पसरत गेलं. पहिला डबा बिसाहूभैयांनी मागितला, तेही, "अंतिम यात्रा में मेरा भी कोई जाएगा," असं म्हणत. मग गोलबाजाराकडचे टेलर, मग फॉल-पिको करणाऱ्या बायका. कचऱ्याच्या गाडीला सुकवारोने फट असलेला लोखंडी डबा जोडून घेतला. रमशीला महिन्यातून एकदा सगळं गोळा करून बीरगावला पोचवू लागली. पुढच्या खंडेनवमीला इंदूताईंच्या वर्गात अकरा डबे पूजेला होते. प्रत्येकाच्या फटीवर पट्टी होती, आणि रमशीलेने प्रत्येकावर लाल रंगात आणखी एक ओळ घातली होती, 'पानी में भी नहीं'.

त्याच दसऱ्यानंतर इंदूताई मुलीकडे नागपूरला कायमच्या गेल्या. गुडघे बोलू लागले होते. वर्ग आता रमशीला चालवते. तिचा हात वर झाला की मशीन तशीच थांबतात. फोनवर इंदूताई मला अजून वहीचं विचारतात. पण माझ्या डोळ्यांपुढे त्यांची मूर्ती आहे ती नागपूरला जाण्याआधीच्या त्या शेवटच्या नवमीच्या संध्याकाळची.

मिरवणूक निघताना सुकवारो त्यांच्या ओट्यापाशी थांबली. "ए दारी तहूं बोह न, दीदी," म्हणाली. या वेळी तूही डोक्यावर घे. इंदूताईंनी आपल्या देवघरातल्या घटाचं धान आणलं. तेही नऊ दिवसांचंच, तसेच पिवळे कोंब. सुकवारोने आपल्या सरळ बोटाच्या हाताने ते त्यांच्या डोक्यावर ठेवलं. मी त्यांच्या मागून चालत होते, वही पिशवीत घेऊन. घाटाशी आल्यावर त्यांनी चपला काढल्या. आणि ज्या बाईला मी इतक्या वर्षांत कधी मान वर करून चालताना बघितलं नव्हतं, त्या इंदूताई डोक्यावर हिरवंपिवळं शेत घेऊन, ताठ मानेने, एकेक पायरी उतरत अनवाणी पाण्यात गेल्या. खाली त्यांनी एकदाही बघितलं नाही.